गल्ला वाढतोय पण माल कमी जातोय, हे नक्की काय चाललंय?

काउंटरवाला

नमस्कार मंडळी. मी एका मोठ्या दुकानात फ्लोअर आणि बिलिंग दोन्ही बघतो, घरगुती वापराच्या वस्तू, कपडे, थोडं इलेक्ट्रॉनिक्स असं सगळं आहे, या कामात बरीच वर्षं गेली. दुकानाचं नाव सांगत नाही कारण नोकरी तिथेच आहे.

दर महिन्याला आमची मीटिंग होते, त्यात पडद्यावर आलेख दाखवतात आणि गेल्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा विक्री वाढली असं सांगतात. आणि ती वाढलीच आहे, गल्ला मीच मोजतो त्यामुळे त्यात शंका नाही. पण मला फ्लोअरवर जे दिसतंय ते याच्याशी जुळत नाही आणि गेले काही महिने हे डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे विचारतोय.

एक गोष्ट सांगतो म्हणजे लक्षात येईल. आमच्याकडे प्रत्येक काउंटरच्या खाली एक प्लास्टिकचा क्रेट असतो. बिल करताना गिऱ्हाईक जे नको म्हणून बाजूला काढतं ते त्यात टाकायचं आणि रात्री शटर ओढलं की तो सगळा माल परत रॅकवर लावायचा. हे काम मी इतकी वर्षं करतोय की क्रेटमध्ये काय निघणार ते पाठ झालं होतं. पूर्वी निघायचं ते हौसेचं, मुलाने हट्टाने उचललेलं खेळणं, अजून एक नेलपॉलिश, मोबाईलचं कव्हर. आता त्यात कपडे धुण्याच्या पावडरीचा मोठा पॅक असतो, शाम्पूची मोठी बाटली, टूथब्रशचा चारचा सेट. मागच्या आठवड्यात लहान मुलाचे शाळेचे बूट होते, लेस बांधून सोडलेली होती म्हणजे घालून बघितले होते, मापाला बसले होते, आणि मग मशीनवरचा आकडा बघून आईने हळूच बाजूला सरकवले, मी तिथेच उभा होतो, ती माझ्याकडे न बघता म्हणाली हे राहू द्या.

शेवटच्या दोनतीन वस्तू राहिल्या की लोक विचारतात आत्तापर्यंत किती झालं. हे पूर्वी क्वचित कोणी विचारायचं, आता दर थोड्या वेळाने कोणीतरी विचारतंच.

आणि त्याच दुकानात पलीकडच्या बाजूला महागडे परफ्युम, मोठ्ठे टीव्ही, त्यांना चांगला उठाव आहे, तिथे कोणी किंमत विचारत पण नाही.

बातम्या बघावं तर महागाई आटोक्यात आली म्हणतात, ग्राहक जोरात खर्च करतायत म्हणतात. मग माझे डोळे चुकतायत का? हे नुसतं कुतूहल म्हणून विचारत नाहीये. पुढच्या महिन्यात नवीन सीझनच्या ऑर्डरची मीटिंग आहे आणि वरचे लोक विक्री वाढली या एका वाक्यावर सगळ्याच मालाची ऑर्डर वाढवायच्या तयारीत आहेत. माल अडकला तर पहिली गदा येते ती फ्लोअरवरच्या पोरांच्या तासांवर, हे मी आधी भोगलंय. तिथे मी काय बोलू, आणि कशाच्या जोरावर बोलू?

आकडेमोड

तुमचे डोळे चुकत नाहीयेत काउंटरवाले दादा, आणि तुमचा आलेखही खोटा नाहीये. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत.

विक्री म्हणजे दर गुणिले नग. दर वाढले आणि नग थोडे कमी झाले तरी गुणाकार वाढू शकतो. एवढं साधं आहे पण मोठमोठ्या बातम्यांमध्ये सुद्धा हे बऱ्याचदा सांगितलं जात नाही. अमेरिकेचं सेन्सस ब्युरो, म्हणजे तिथलं सरकारी आकडेवारीचं खातं, दर महिन्याला किरकोळ विक्रीचा जो आकडा काढतं आणि ज्यावर दिवसभर चर्चा चालते, त्यातून महागाई वजा केलेली नसते, तो नुसता पैशांचा आकडा असतो. ब्रिटनचं सांख्यिकी खातं मात्र दोन वेगळ्या रेषा देतं, एक पैशांची आणि एक मालाच्या प्रमाणाची. २०२० च्या फेब्रुवारीपासून त्या दोन रेषा एकत्र निघाल्या असं धरलं तर २०२३ मध्ये पैशांची रेषा कुठच्या कुठे वर गेलेली होती आणि मालाची रेषा सुरुवातीच्याही खाली. म्हणजे लोक दुकानात जास्त पैसे देऊन कमी सामान घरी नेत होते, अख्ख्या देशाच्या पातळीवर. तुमचा क्रेट नेमकं हेच सांगतोय.

आता महागाई कमी झाली याचा अर्थ. महागाईचा दर हा वेग आहे. १०० ची वस्तू एका वर्षात १० टक्क्यांनी वाढली, ११० झाली. पुढच्या वर्षी दर २ टक्क्यांवर आला, सगळे म्हणाले महागाई आटोक्यात, पण वस्तू ११२ च्या वर गेली. ते आधीचे १० कोणी परत केले नाहीत. अमेरिकेत जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्के होता, ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२२ मध्ये ११.१, युरो वापरणाऱ्या देशांत त्याच महिन्यात १०.६. नंतर हे सगळे दर खाली आले हे खरं आहे, पण भाव खाली आले नाहीत, त्यांचा वर चढण्याचा वेग कमी झाला. पगार त्या उडीच्या बरोबरीने वाढला असेल तर माणसाला जाणवत नाही, नसेल तर तो बूट बाजूला सरकवतो.

त्यामुळे मीटिंगच्या आधी तुमच्या सिस्टिममधून तीन आकडे मागा. बिलं किती झाली, दर बिलामागे नग किती गेले आणि दर नगामागे सरासरी रक्कम किती पडली. गेल्या वर्षीचा तोच आठवडा शेजारी ठेवा, आणि सुट्ट्यांचा आठवडा असेल तर दोन्ही वर्षी सुट्ट्यांचाच घ्या, नाहीतर तुलना फसते. हे तिन्ही आकडे बिलिंगच्या मशीनमध्ये असतातच, कोणी मागत नाही म्हणून छापले जात नाहीत.

यात एक खाच अजून आहे. नगसुद्धा तोच राहिलेला नसतो. पॅक तोच, रंग तोच, किंमत तीच किंवा जास्त, आतलं वजन कमी. बाटलीच्या तळाला आत घेतलेला खळगा खोल होतो, टिश्यूच्या रोलवरचे कागद कमी होतात, पुठ्ठ्याची नळी जाड होते. फ्रान्सने यावर नियम केला, १ जुलै २०२४ पासून ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना अशा वस्तूजवळ दोन महिने पाटी लावावी लागते की यातलं प्रमाण कमी झालंय आणि त्या प्रमाणात किंमत किती वाढली. दक्षिण कोरियानेही त्याच वर्षी ऑगस्टपासून कंपन्यांना हे जाहीर करायला लावलं. युरोपात तर १९९८ पासूनच्या नियमाने रॅकवरच्या लेबलवर एका किलोला किंवा एका लिटरला किती पडतं ते लिहावंच लागतं. तुमच्या रॅकवर तशी बारीक अक्षरं असतील तर ती वाचा, गेल्या वर्षीचं लेबल कुठे सापडलं तर अजूनच चांगलं.

सुईदोरा

मी काउंटरच्या अलीकडची बाजू सांगते. मी ती बाई आहे जी वस्तू बाजूला ठेवते.

दादा, तुम्हाला वाटत असेल की आम्ही तिथे उभं राहून ठरवतो, तसं नसतं. घरभाडं, फी, वीज, कर्जाचा हप्ता हे सगळं पगार आल्या आल्या निघून जातं, त्याला हात लावता येत नाही. उरतं ते दुकानासाठी. पूर्वी त्यात महिना निघायचा आणि थोडं इकडेतिकडे व्हायचं, आता महिना संपायच्या आधी ते संपतं. म्हणून मी घरून यादी करून निघते, यादीतलंच घेते, आणि तरीही काउंटरवर आकडा जास्त येतो कारण माझ्या डोक्यात जुने भाव बसलेले आहेत. ते भाव विसरायला वेळ लागतो हो.

आणि जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते ती ही की मोठा पॅक स्वस्त पडतो हे मला कळतं. मला ग्रॅमचा हिशोब येतो. पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हातात जेवढे आहेत त्यात मोठा पॅक बसत नाही, म्हणून मी लहान घेते, चार वेळा लहान घेते आणि शेवटी मोठ्यापेक्षा जास्त पैसे मोजते. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला तीच वस्तू स्वस्तात मिळते आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला महाग. तुमच्या क्रेटमधला तो मोठा पॅक म्हणजे हेच आहे. टूथपेस्टची ट्यूब मी कात्रीने मधून कापते, आत अजून चार दिवसांची पेस्ट चिकटलेली असते, हे मी पूर्वी कधीच केलं नव्हतं.

एक विनंती आहे, जमलं तर करा. मशीनवरचा आकडा सुरुवातीपासून आम्हाला दिसेल असा पडदा फिरवा. शेवटी एकदम कळलं की मागच्या रांगेसमोर वस्तू काढायला लागतात. आधीपासून दिसत असेल तर माणूस आपलाच थांबतो.

सरळसोट

मला हे पटत नाही, स्पष्टच बोलतो. पैसे नाहीत पैसे नाहीत असं सगळेच म्हणतात पण विमानं भरलेली आहेत, नवीन फोन निघाला की रांगा आहेत, हॉटेलात जागा मिळत नाही. लोक काय बोलतात त्यापेक्षा काय करतात ते बघावं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ ग्राहकांच्या मनःस्थितीचं सर्वेक्षण करतं, १९४० च्या दशकापासून चालू आहे, जून २०२२ मध्ये तो निर्देशांक ५० वर आला, इतका खाली तो तोपर्यंत कधीच गेला नव्हता, २००८ च्या संकटातही नाही. म्हणजे लोकांच्या मते तेव्हाची परिस्थिती बँका बुडत होत्या त्याहून वाईट. आणि त्या वर्षी खर्च थांबला का? नाही थांबला. रोजगारही होते. त्यामुळे एका दुकानातल्या एका क्रेटवरून अर्थव्यवस्थेचं निदान करणं मला घाईचं वाटतं. सुईदोरा ताईंच्या घराबद्दल मी काही बोलत नाही, ते खरंच असणार, पण सरासरी वेगळी असू शकते ना.

तिसरा मजला

सरळसोट, तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. सरासरी वेगळी असू शकते, हो, आणि म्हणूनच ती इथे उपयोगाची नाही.

अमेरिकेत घरगुती खर्च हा जीडीपीच्या दोन तृतीयांशाहून जास्त आहे, त्यामुळे तिथे या खर्चाची फोड सगळ्यात बारकाईने केली जाते. मूडीज ॲनालिटिक्स या आर्थिक विश्लेषण करणाऱ्या कंपनीने २०२५ च्या सुरुवातीला हिशोब मांडला की एकूण ग्राहक खर्चातला जवळपास निम्मा खर्च सर्वाधिक कमाईच्या वरच्या १० टक्के कुटुंबांकडून येतो. त्यांच्या मोजण्याच्या पद्धतीवर काही अर्थतज्ज्ञांनी आक्षेप घेतलेत, हिस्सा कमी असेलही, पण वरच्यांचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने बराच मोठा आहे एवढं नक्की. आता विचार करा, दहा जणांची रांग आहे, पहिला माणूस एकटा बाकीच्या नऊ जणांइतकी खरेदी करतो. त्याने खरेदी १० टक्के वाढवली आणि बाकीच्या नऊ जणांनी ५ टक्के कमी केली तरी एकूण विक्री वाढलेली दिसणार, आणि काउंटरवाल्याच्या क्रेटमध्ये नऊ जणांच्या वस्तू पडणार. परफ्युमला उठाव आणि बूट क्रेटमध्ये हे एकाच वेळी होतं ते असं. याला तिकडे इंग्रजी के अक्षरासारखी अर्थव्यवस्था म्हणतात, एक काडी वर जाते आणि एक खाली.

वरची काडी वर का जाते त्याचं कारण पगार हे फारसं नाहीच. ज्यांच्याकडे घर आणि शेअर आहेत त्यांची मालमत्ता वाढली की त्यांना श्रीमंत वाटतं आणि ते खर्च करतात. शिवाय व्याजदर. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, मार्च २०२२ मध्ये दर जवळपास शून्यावर होते तिथून सुरुवात केली आणि जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेले. ज्याच्या ठेवी होत्या त्याला त्यातून व्याज मिळालं, ज्याच्या कार्डावर थकबाकी होती त्याला त्यातूनच फटका बसला. एकच निर्णय, दोन घरांत दोन परिणाम. आणि कोरोनाच्या काळात घरी बसून किंवा सरकारी मदतीतून साठलेली जी जादा बचत होती ती त्याच फेडरल रिझर्व्हच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँकेच्या हिशोबाने मार्च २०२४ च्या आसपास संपली. २०२२ मध्ये लोक वैतागलेले होते तरी खर्च करत होते असं तुम्ही म्हणालात, तर तेव्हा ही बचत होती. ती उशी आता नाही.

हॉटेलं आणि विमानं भरलेली आहेत त्याबद्दल, तो पैसा वस्तूंवरून सेवांवर गेलेला असतो. लॉकडाऊनमध्ये उलटं होतं, बाहेर जाता येत नव्हतं म्हणून लोकांनी फर्निचर, टीव्ही, व्यायामाची सायकल घेतली. ज्याने २०२१ मध्ये टीव्ही घेतला तो लगेच दुसरा घेत नाही. त्यामुळे विमान भरलेलं आहे याचा अर्थ दुकानात उठाव आहे असा लागत नाही.

हप्त्यांचा हिशोब

एक बाजू कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी हप्ते थकलेल्या लोकांना फोन करायचं काम केलंय, आत्ता घ्या नंतर भरा वाल्या कंपनीसाठी, नाव सांगणार नाही. आता सोडलं ते काम.

तुमच्या दुकानात अशी सोय असेलच, चार हप्त्यात भरा, व्याज नाही. बिल करताना सगळी रक्कम दिसतच नाही, एक चतुर्थांश दिसते, त्यामुळे जी वस्तू क्रेटमध्ये जाणार होती ती पिशवीत जाते. दुकानाला जवळपास पूर्ण रक्कम लगेच मिळते म्हणून दुकानाच्या हिशोबात ती आजची विक्री. पण गिऱ्हाइकाच्या घरी ती पुढच्या दीडदोन महिन्यांच्या पगारातून जाणार आहे. म्हणजे तुमच्या आजच्या आलेखात पुढच्या महिन्यांची विक्री थोडी आधीच येऊन बसली आहे, आणि त्यावरून पुढच्या सीझनची ऑर्डर वाढवणार म्हणताय.

मी फोन करायचो तेव्हा सुरुवातीला लोकांनी फोन नाहीतर चांगले बूट घेतलेले असायचे. नंतर नंतर यादीत साबण, डायपर, मुलांचे रोजचे कपडे यायला लागले. एका बाईंची पाच वेगवेगळ्या ठिकाणी हप्त्यांची खाती चालू होती, प्रत्येक हप्ता लहान, प्रत्येक ॲपला वाटतंय हिच्यावर फार बोजा नाही, आणि सगळे हप्ते एकाच आठवड्यात यायचे. त्या रडल्या नाहीत काही नाही, फक्त कुठला आधी भरू एवढंच मला विचारलं, आणि मला दिलेल्या कागदावर याचं एकच उत्तर होतं, आमचा.

हा धंदा नवा नाही, स्वीडनची क्लार्ना २००५ ची, ऑस्ट्रेलियाची आफ्टरपे २०१४ ची. पण बराच काळ ही कर्जं पत मोजणाऱ्या संस्थांच्या नोंदीत नीट येतच नव्हती, त्यामुळे कोणावर एकूण किती बोजा आहे ते बाहेरून कोणाला दिसायचं नाही. अर्थतज्ज्ञ त्याला भुताचं कर्ज म्हणतात ते त्यामुळे. आता कुठे हलचाल आहे, ऑस्ट्रेलियाने जून २०२५ पासून याला रीतसर कर्जाच्या कायद्याखाली आणलं, अमेरिकेत फायको या पतगुणांकवाल्या कंपनीने त्याच महिन्यात असे हप्ते धरणारे गुणांक आणायचं जाहीर केलं. तर काउंटरवाले, तुमच्या तीन आकड्यांमध्ये चौथा घाला, किती बिलं हप्त्यावर गेली आणि त्यात रोजच्या वापराचा माल किती.

गोदामकर

मी खरेदी विभागात आहे, दुसऱ्या धंद्यात, पण ऑर्डरचं दुखणं सगळीकडे सारखंच. तुमची मीटिंग वाचून राहवलं नाही.

आमच्या कामात एक जुनी गोष्ट शिकवतात. डायपर बनवणाऱ्या पी अँड जी कंपनीने आपल्याच ऑर्डर तपासल्या. बाळं डायपर वापरणार ते जवळपास एकाच गतीने, त्यात चढउतार नाही. पण दुकानांच्या ऑर्डर बऱ्यापैकी वरखाली, घाऊकवाल्यांच्या त्याहून जास्त वरखाली, आणि कंपनी स्वतः कच्चा माल मागवते ती ऑर्डर सगळ्यात जास्त. प्रत्येक जण पुढच्याची ऑर्डर बघून थोडी जास्तीची धरतो, कमी पडायला नको म्हणून. खाली काउंटरवर थोडं हललं की वर गोडाऊनमध्ये बरंच हलतं. चाबकाची मूठ थोडी हलवली की टोक केवढं फिरतं, तसं. १९६१ मध्ये एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी हे गणिताने दाखवलं होतं आणि तरी ते दर काही वर्षांनी पुन्हा होतं.

२०२२ चंच बघा. अमेरिकेतल्या टार्गेट दुकानांकडे त्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत साठा आदल्या वर्षीपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त होता, वॉलमार्टकडेही एक तृतीयांशाच्या आसपास वाढलेला. का? तर आदल्या वर्षी फर्निचर, टीव्ही, घरात घालायचे कपडे दणादण विकले गेले, आकडे छान, ऑर्डर वाढवल्या, जहाजं बंदरात अडकून माल उशिरा आला, आणि येईपर्यंत लोक बाहेर पडायला लागले होते, त्यांना प्रवासाच्या बॅगा हव्या होत्या. वर महागाईने खिसा हलका झालेला. १८ मे २०२२ ला टार्गेटचा शेअर एका दिवसात जवळपास चौथाईने पडला आणि नंतर कित्येक महिने माल मिळेल त्या भावाला काढावा लागला. तिथे हुशार माणसं नव्हती असं नाही. त्यांच्यासमोर पैशांचा आलेख होता, तुमच्या साहेबांसमोर आहे तोच.

२०२५ मध्ये वेगळ्या कारणाने पुन्हा तेच. अमेरिकेत आयात कर वाढणार म्हणून व्यापाऱ्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच माल आणून ठेवला, पहिल्या तिमाहीत आयात इतकी उसळली की, जीडीपीच्या हिशोबात आयात वजा होते म्हणून, त्या तिमाहीची जीडीपीची वाढ उणे दाखवली गेली. गिऱ्हाईकही कर लागायच्या आधी घेऊन मोकळं झालं. मग असल्या महिन्यांची पुढच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करून तुम्ही काय निष्कर्ष काढणार? मी तरी अशा महिन्यांवर पेन्सिलने खूण करून ठेवतो, हा महिना धरायचा नाही.

मीटिंगमध्ये हे बोला, आणि शांतपणे बोला. एक, ऑर्डर रकमेत नका मागू, नगात मागा. विक्री अमुक टक्के वाढली म्हणून ऑर्डर तेवढी वाढवा असं म्हटलं की भाववाढीवर अजून भाववाढ चढते आणि नग उगीच वाढतात. दुसरं, सगळ्या दुकानाला एक टक्का लावू नका, परफ्युमवाल्या बाजूचं वेगळं, रोजच्या वापराचं वेगळं. आणि तुमचा क्रेट. दादा, त्या क्रेटची वही करा. बिलिंगच्या सिस्टिमला झालेली विक्री कळते, न झालेली सहसा कळत नाही. रॅकवरून उचलली, काउंटरपर्यंत आणली आणि परत ठेवली, ही माहिती सहसा कोणाच्या अहवालात येत नाही, ती तुमच्याकडे आहे. वस्तू, पॅकचा आकार, वार, बस एवढंच लिहा.

सरळसोट

सगळं वाचलं. वरच्या दहा टक्क्यांचा मुद्दा मला मान्य आहे, मी सरासरीच बघत होतो. पण मग एक सांगा, मालाला उठाव नाही तर भाव खाली का येत नाहीत? मागणी कमी झाली की भाव पडतात हे तर शाळेत शिकवतात.

आकडेमोड

एखाद्या वस्तूचा पडतो, सेलमध्ये जे दिसतं ते तेच. सगळ्यांचे एकदम सहसा पडत नाहीत कारण त्यात पगार, भाडं, वाहतूक सगळं बसलेलं असतं आणि पगार एकदा वाढले की कोणी कमी करत नाही, करूही नये. दुकानं लेबलवरची किंमत तशीच ठेवतात आणि दुसऱ्या वाटांनी उतरतात, सदस्यांना वेगळा भाव, दोनवर एक, स्वतःच्या ब्रँडचा स्वस्त पॅक. आणि सगळे भाव खरंच वर्षानुवर्षं पडायला लागले तर ते जास्त वाईट, लोक खरेदी पुढे ढकलतात, कंपन्या पगार गोठवतात, जपानने हे फार वर्षं भोगलंय, तिथल्या मध्यवर्ती बँकेने उणे व्याजदर मार्च २०२४ मध्ये जाऊन बंद केला. त्यामुळे भाव परत येण्याची वाट बघण्यापेक्षा मिळकत त्या भावांना कधी गाठते ते बघावं लागतं. ज्या घरात ती गाठली तिथे क्रेट रिकामा, ज्या घरात नाही तिथे भरलेला.

काउंटरवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कोणी समजावलं नव्हतं. उशिरा लिहितोय कारण आधी करून बघायचं होतं.

सिस्टिमवाल्याकडून आकडे काढून घेतले, त्याने दोन दिवस टाळलं मग दिले. गेल्या वर्षीचा तोच आठवडा आणि या वर्षीचा. बिलांची संख्या जवळपास तेवढीच. दर बिलामागे नग ९ होते ते ८ वर आलेत. आणि दर नगामागची रक्कम वाढली, तीच विक्रीवाढ म्हणून पडद्यावर दिसत होती. मी परफ्युम आणि टीव्हीवाली बाजू वेगळी काढली तर रोजच्या वापराच्या मालात नग अजूनच खाली आहेत, त्या बाजूला ऑर्डर वाढवायची होती सगळ्यात जास्त. हप्त्यावरच्या बिलांचा आकडा मिळाला नाही, तो हिशोब दुसऱ्या खात्याकडे असतो म्हणाले, मागितलाय.

क्रेटची वही नऊ दिवस लिहिली. लहान डायरी काउंटरला दोरीने बांधली आणि पोरांना सांगितलं टाकताना लिहा. सुरुवातीला विसरायची, मग त्यांनाच त्यात रस आला, एकीने तर स्वतःहून आपल्या मनाने एक रकाना वाढवला की मोठा पॅक ठेवून लहान घेतला का. तो रकाना सगळ्यात जास्त भरला. सुईदोरा ताई, तुमचं म्हणणं त्या पोरीने न वाचताच पकडलं होतं.

मीटिंगमध्ये वही आणि तीन आकडे ठेवले. एकदम सगळं पटलं असं नाही, एक साहेब म्हणाले हे एका दुकानाचं आहे, तर मी म्हणालो मग बाकीच्या दुकानांचेही नग मागवा ना. ते मागवायचं ठरलंय. तोपर्यंत रोजच्या वापराच्या मालाची ऑर्डर गेल्या वर्षीच्या नगांवरच ठेवली आणि मोठ्या पॅकऐवजी मधला आकार जास्त मागवला. टीव्हीचं त्यांनी वाढवलं, तिथे मी काही बोललो नाही.

दोन काउंटरचे पडदे गिऱ्हाइकाकडे फिरवले, वायर पुरत नव्हती म्हणून दोनच झाले. त्या दोन काउंटरखालचे क्रेट बाकीच्यांपेक्षा कमी भरतात, लोक आधीच थांबतात आणि बिल पटकन होतं.

गोदामकर, एक विचारायचं राहिलं. परत आलेला माल आमच्याकडे विक्रीतून त्याच महिन्यात वजा करत नाहीत, पुढच्या महिन्यात वेगळा दाखवतात, ऑनलाईन घेतलेले कपडे फार परत येतात. नगांच्या हिशोबात तो मी कुठे धरू?

गोदामकर

ज्या आठवड्यात विकला त्याच आठवड्यातून वजा करा, परत कधी आला ते बघू नका. अमेरिकेच्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेचा २०२४ चा अंदाज होता की एकूण विक्रीतला जवळपास १७ टक्के माल परत येतो, ऑनलाईनमध्ये त्याहून जास्त. एवढा मोठा आकडा पुढच्या महिन्यावर ढकलला की चालू महिना फुगलेला दिसतो आणि ऑर्डर त्या फुगलेल्या महिन्यावर जाते. बिल नंबरवरून मूळ तारीख निघते, सिस्टिमवाल्याला तेवढं सांगा, आणि त्याने पुन्हा दोन दिवस टाळलं तर वहीत परत आलेल्या मालासाठी एक पान वेगळं काढा.